पुनरारंभाचा आस्वाद

जुन्या व्हिडिओ गेमच्या आस्वादाला ‘स्मरणरंजन’ म्हणून बाजूला सारणे सोपे आहे. परंतु त्यामुळे त्याच्या रूपाचा प्रश्न अनुत्तरित राहतो. १९९०च्या दशकात बोरिवली, मुलुंड, घाटकोपर येथील घरांत निन्टेन्डोच्या यंत्राच्या स्वस्त नकला दूरचित्रवाणी संचाला जोडल्या गेल्या. त्यांवर खेळला जाणारा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ (१९८५) आठ जगांचा, बत्तीस टप्प्यांचा. झालेला प्रवास साठवण्याची सोय त्यात नव्हती. यंत्र बंद केले की पुन्हा पहिला टप्पा. कीर्तनातील आख्यान श्रोत्याला ठाऊकच असते. आस्वाद असतो तो त्या दिवशीच्या कथनाच्या घडणीचा. मारिओचा खेळाडूही असाच ज्ञात संहितेचा प्रयोग करीत असतो. याउलट पुण्यात निर्माण झालेल्या ‘राजी’मध्ये (२०२०) दुर्गा आणि विष्णू निवेदक आहेत, पण खेळाडूची प्रगती आपोआप साठवली जाते. सामग्री पुराणाची, आस्वाद मात्र कादंबरीचा, ‘पुढे काय?’ या उत्सुकतेचा. परंपरा केवळ आशयात शोधणाऱ्या समीक्षेची येथे फसगत होते. पुराणाशी काहीही नाते नसलेला मारिओच रूपाच्या दृष्टीने मौखिक परंपरेला अधिक जवळचा ठरतो.