‘सर्वांना’ आणि ‘दिलं’ : माझ्या मसुद्यातले दोन चुकीचे शब्द

कोर्सवर्कमध्ये आम्हाला आपल्या विषयाबाहेरच्या एखाद्या मूळ साधनाचं परीक्षण लिहायचं होतं. मी विज्ञान शाखेची. वसाहतींमधलं धर्मस्वातंत्र्य सोपं जाईल असं वाटलं. पहिलंच वाक्य लिहिलं: पेन्सिल्व्हेनियात क्वेकरांनी आणि मुंबईत इंग्रजांनी सर्वांना धर्मस्वातंत्र्य दिलं. गाईडनी ‘सर्वांना’ आणि ‘दिलं’ यांखाली रेघ मारून कागद परत केला.

आधी ‘सर्वांना’. क्वेकर म्हणजे १६५० च्या सुमारास इंग्लंडमध्ये जॉर्ज फॉक्सच्या मागे उभे राहिलेले लोक. प्रत्येकाच्या आत ईश्वरी प्रकाश आहे, मग मध्ये पाद्री कशाला, हे त्यांचं म्हणणं. शपथ घ्यायची नाही, कुणापुढे टोपी काढायची नाही. त्यापायी हजारो जण तुरुंगात गेले. विल्यम पेनही गेला. १६८१ मध्ये दुसऱ्या चार्ल्स राजाने पेनला अमेरिकेत मुलूख दिला. १६८२ च्या कायद्यांतल्या ३५ व्या कलमात पेनने लिहिलं, की एका सर्वशक्तिमान ईश्वराला मानणाऱ्या कुणालाही श्रद्धेवरून त्रास होणार नाही. भारी वाटतं ना? मी तेवढंच उचललं होतं. ३४ वं कलम सांगतं, की सरकारी पद आणि मताचा हक्क येशूवर श्रद्धा असणाऱ्यांनाच. शिवाय पेनच्या घरी गुलाम होते. म्हणजे छळ सोसलेल्या माणसाने लिहिलेलं स्वातंत्र्यही मोजून-मापूनच होतं. निवडक उतारे वाचून परीक्षण लिहू नका, एवढं या चुकीतून घ्या.

‘दिलं’ची चूक जास्त मोठी. याच चार्ल्सला १६६१ च्या विवाह-तहात मुंबई मिळाली. १६६८ मध्ये त्याने ती वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला दिली. बेटावर माणसं आणि भांडवल हवं होतं. १६७७ मध्ये दीवचा वाणी व्यापारी निमा पारख याने मुंबईत येण्याआधी कंपनीपुढे अटी ठेवल्या: घरात आपला धर्म पाळू द्यावा, प्रेतं आपल्या रीतीने जाळू द्यावीत, आमच्यातल्या कुणाला जबरदस्तीने ख्रिस्ती करू नये. दीव पोर्तुगीजांचं, आणि गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशन. शेवटची अट कुठून आली ते कळतं. इथे ‘दिलं’ हे क्रियापद कंपनीचं आहे. पारखच्या बाजूने ते ‘मागितलं’ किंवा ‘ठरवून घेतलं’ असं आहे. (आमच्या साखरखेर्ड्याचंच बघा. १७२४ ची लढाई जिंकल्यावर निजामाने गावाला फत्तेखेर्डा नाव दिलं. गाव अजून साखरखेर्डाच म्हणतं.)

पण पारखला लगेच हिरो करू नका. आमच्या आवारात ख्रिस्ती किंवा मुसलमान राहू नये, आमच्या लोकांना जबरदस्तीने ओझी वाहायला लावू नये, हेही त्याच्याच अटींत आहे. वेठ बंद करा असं तो म्हणत नाही. आम्हाला वगळा म्हणतो.

सुधारलेल्या मसुद्यात मी ‘ठरवून घेतलं’ लिहिलं. गाईडनी शेजारी पेन्सिलने लिहिलंय: मग ओझी कोणी वाहिली? त्यासाठी आता व्यापाऱ्यांचे कागद बाजूला ठेवून बेटावरच्या कोळी, कुणबी, भंडाऱ्यांबद्दल वाचायला घेतलंय.