अजिंठ्यातील सेविकांचे हात

वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. या शाखेतील राजा हरिषेण याचा सचिव वराहदेव याने पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात अजिंठ्याचे 16 क्रमांकाचे लेणे भिक्षुसंघास अर्पण केले, असे तेथील शिलालेख सांगतो. त्यामुळे या लेण्यातील चित्रांचा विचार वाशीमच्या वाचकास परका वाटू नये.

येथील एक चित्र 'मरणोन्मुख राजकन्या' या नावाने जगप्रसिद्ध झाले. ती मरणोन्मुख नसून, पती नंद प्रव्रजित झाल्याचे कळताच मूर्च्छित झालेली सुंदरी होय, असे पुढे अभ्यासकांनी दाखविले. चित्राचे नाव बदलले. रसिकांची दृष्टी मात्र त्या एकाच स्त्रीवर खिळून राहिली. आमचा आक्षेप येथेच आहे. तिला मागून सावरून धरणारी स्त्री पाहावी, पंखा हलविणारी पाहावी. दुःख सुंदरीचे आहे. पण चित्र तोलून धरले आहे ते या सेविकांनी. कलावंताने येथे कष्ट पाहिले आहेत.

हरिषेणाच्या मांडलिकाने कोरविलेल्या 17 क्रमांकाच्या लेण्यातील प्रसाधनाचे दृश्य याउलट आहे. राजस्त्री आरशात पाहते, सेविका चवरी व तबक घेऊन उभ्या आहेत. रेषा अप्रतिम आहे. परंतु त्या हातांना वस्तूचे ओझे जाणवत नाही. सेवा येथे केवळ मालकिणीची शोभा झाली आहे.

पालि साहित्यात मात्र घरकाम करणारी स्त्री स्वतः बोलते. थेरीगाथेतील मुत्ता उखळ-मुसळापासूनची सुटका सांगते. अनाथपिण्डिकाच्या घरची दासी पुण्णिका मालकिणीच्या धाकाने कडाक्याच्या थंडीत पाणी भरीत असे. स्नानाने पाप धुतले जाते, हा ब्राह्मणाचा समज तिनेच खोडून काढला. अजिंठ्याच्या सेविकांना नाव नाही. थेरीगाथेने दासीचे नाव आणि तिची प्रज्ञा दोन्ही जतन केली.

घरकामाच्या चित्राची कसोटी आम्हांस यातूनच मिळते. चूल, जाते, घागर चितारल्याने ते चित्र श्रमाचे होत नाही. वस्तूचा भार मनगटात उतरला पाहिजे आणि राबणारीच्या मुद्रेवर तिचा स्वतःचा विचार उमटला पाहिजे. माता रमाईंच्या तसबिरी आपल्या घरोघरी आहेत. त्यांत मुखावरील सोज्ज्वळता असते. गोवऱ्या थापणारे हात क्वचितच दिसतात. ते हात रेखाटण्याचे काम आमच्या चित्रकारांकडे अद्याप बाकी आहे.