सातबारा नसलेली शहरं

'सिटीज : स्कायलाइन्स' या शहर बांधण्याच्या खेळाचा दुसरा भाग 24 ऑक्टोबर 2023 ला आला, तेव्हा खेळणाऱ्यांची पहिली तक्रार शहराबद्दल नव्हतीच, स्वतःच्या पीसीबद्दल होती. शिफारस होती आरटीएक्स 3080 या ग्राफिक कार्डाची. द्राक्षाच्या हंगामात बरे पैसे झाले तरी निफाडकर आधी ब्लोअर बदलतो, पोराचं ग्राफिक कार्ड नाही. खेळ अपेक्षेइतका वेगात चालत नाही, अशी कबुली कंपनीनेच विक्रीच्या आधी देऊन ठेवली होती. तरी लोकांनी घेतला, आणि ज्यांना परवडला नाही त्यांनी पीसी गेमपासवर पहिल्याच दिवशी उघडला. मग हौशी तंत्रज्ञांनी आतली यंत्रणा उसवून पाहिली. शहरातल्या प्रत्येक माणसाच्या तोंडात एकेक दात स्वतंत्र घडवलेला होता, आणि कॅमेरा आकाशात असतानाही संगणक त्या बत्तिशीचा हिशेब करत बसत होता. खेळ अडखळण्याचं ते एकमेव कारण नव्हतं, पण हसू झालं ते दातांचंच.

या दातांवर थांबलेले समीक्षक मला घाईचे वाटतात. वेग पुढच्या पॅचमध्ये सुधारतो, आणि बराचसा सुधारलाही. खरा प्रश्न असा की पस्तीस वर्षांहून जास्त काळ शहरं बांधायला लावणारी ही कला शहराबद्दल काय शिकली?

तिचा जन्म मोठा मजेदार आहे. विल राइट नावाचा अमेरिकन माणूस बॉम्बफेकीचा खेळ बनवत होता. खेळात उडवायची बेटं रचण्यासाठी त्याने एक नकाशा-साधन केलं आणि त्याच्या लक्षात आलं, की बेटं उडवण्यापेक्षा रचण्यातच आपल्याला जास्त गोडी आहे. जे फॉरेस्टर या अभियंत्याचं शहरांच्या गणिती प्रतिमानांवरचं 1969 चं पुस्तक त्याने वाचलं आणि 1989 मध्ये 'सिमसिटी' आला. मोकळी जमीन, रस्ता आखायचा, कडेला रंग भरायचा: राहण्यासाठी हिरवा, दुकानांसाठी निळा, कारखान्यांसाठी पिवळा. माणसं आपोआप येतात, कर भरतात, कुरकुरतात. पुढचे सगळे खेळ याच पायावर मजले चढवत गेले. 2003 चा 'सिमसिटी 4' अजूनही जुने खेळाडू आदराने काढतात. 2013 च्या 'सिमसिटी'ने मात्र एकट्याने खेळायलाही इंटरनेटची सक्ती केली, जमीन दिली दोन किलोमीटर लांब-रुंद, आणि पहिल्याच आठवड्यात सर्व्हर आडवे झाले. त्या रागातून फिनलंडमधल्या ताम्पेरे शहरातल्या कोलोसल ऑर्डर या कंपनीचं नशीब उघडलं. जेमतेम तेरा माणसांची ती कंपनी. 2015 चा त्यांचा 'स्कायलाइन्स' पुढे एक कोटी वीस लाखांवर प्रती विकला गेला.

एवढ्या प्रेमाच्या खेळाचा दुसरा भाग जाहीर झाल्यावर लोकांनी काय मागितलं? मोठा नकाशा, दुकानाच्या वर घर असलेल्या इमारती, ऋतू, आणि पहिल्या भागात पंधरा-वीस मॉड, म्हणजे खेळाडूंनीच केलेल्या जोडण्या, टाकल्याशिवाय न येणारी रस्त्यांची लवचीकता. यातलं बरंच मिळालं. रस्ते आखण्याचं साधन तर या कलाप्रकारातलं आजवरचं सर्वोत्तम आहे, असं मी बेधडक म्हणेन. वळणदार रस्ता ओढा, त्याला समांतर दुसरा टाका, चौकात गोल चक्कर ठेवा, ते आपसूक बसतं. गाड्या रस्ता निवडतात तो वेळ, पैसा, सोय आणि चालकाचा स्वभाव असा चौपदरी हिशेब करून. पहिल्या भागात चार पदरी रस्त्यावर सगळ्या गाड्या एकाच पदराला चिकटून राहत. ते बघून पिंपळगाव टोलनाक्याची रांगही शिस्तीची वाटे. ते दुखणं बरंच गेलं. न मिळालेल्या गोष्टीही होत्या. सायकली पहिल्या दिवशी नव्हत्या, त्या यायला 2025 उजाडलं. स्वतः केलेल्या इमारती आत आणण्याची सोयही अशीच रखडली, आणि मॉडवर वाढलेल्या खेळाला हा उशीर फार जिव्हारी लागला. मार्च 2024 मध्ये कंपनीने समुद्रकिनाऱ्यावरच्या घरांचा एक संच पैसे घेऊन विकायला काढला, तर एवढा भडका उडाला की माफी मागून पैसे परत करावे लागले.

मी या खेळात निफाड मांडून पाहिलं. तसं अवघड नाही. उपग्रहाने मोजलेल्या उंच-सखलतेचा नकाशा आत आणता येतो, वाहतूक डावीकडून ठेवता येते. गोदावरी आणि कादवेला पाण्याचे उगम द्यायचे, नाशिक-संभाजीनगर रस्ता आडवा टाकायचा, त्याच्या बाजूला मुंबई-भुसावळ रेल्वे. शेतीसाठी धान्य, भाजीपाला, कापूस, जनावरं असे गट आहेत. द्राक्ष नाही, कांदा भाजीपाल्यात गृहीत धरायचा. भूजलाचा उपसा जास्त झाला तर पाणी आटतं, ही या खेळातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट. मात्र उपसा करणार पालिकेचाच पंप, कुणाची विहीर नाही की कुणाची बोअर नाही. हिवाळाही येतो. पण निफाडचा पारा, म्हणजे कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर नोंदवलेला, दर जानेवारीत बातमीत येतो तेव्हा इथे बागेत पहाटे शेकोट्या पेटतात, मणी तडकू नयेत म्हणून पाणी सोडलं जातं. खेळात थंडी पडली की विजेची मागणी वाढते. संपलं.

ही तपशिलाची रड झाली. फिनलंडच्या मुलांना मणी तडकणं ठाऊक नसणार, त्यात त्यांचा दोष नाही. खरी अडचण मला पहिला रस्ता टाकतानाच जाणवली. नकाशावरचं निफाडचं शिवार रिकामं होतं. गावठाण नाही, गट नंबर नाहीत, बांध नाहीत, वाटणीवरून तीन पिढ्या बोलणं बंद असलेले भाऊ नाहीत. मी आडवा-उभा कुठेही रस्ता ओढला, कुणी मोजणीवाल्याला अडवलं नाही. आमच्या तालुक्यात साधा पाणंद रस्ता मोकळा करायचा तर तहसीलदारांपुढे तारखा पडतात. या खेळांमध्ये वाहतूक आहे, कर आहेत, प्रदूषण आहे, आग आहे, चक्रीवादळसुद्धा आहे. फक्त जमीन कुणाची तरी असते, हे नाही. एकूणएक शहरं सातबारा नसलेल्या जमिनीवर उभी.

दुसऱ्या भागात याचा एक इरसाल पुरावा सापडतो. सुरुवातीला शहरात भाडी इतकी चढत की घराघरावर 'भाडं परवडत नाही' अशा खुणा उगवत. जून 2024 च्या मोठ्या आर्थिक पॅचमध्ये कंपनीने उपाय केला: हिशेबातला अदृश्य घरमालकच काढून टाकला. इमारतीचा खर्च आता सगळे भाडेकरू सारखा वाटून घेतात. जगभर त्यावर विनोद झाले, की घरांचा प्रश्न सोडवायची युक्ती अखेर सापडली. मला त्यात विनोदापेक्षा कबुली दिसते. मालक नावाचं पात्र या खेळात आकड्यासारखं घेतलं आणि आकड्यासारखं पुसलं, कारण त्याला कधी तोंडच दिलं नव्हतं. बाकी नागरिकांना दात मिळाले होते.

महाराष्ट्रातलं शहर मुळात मालकीच्या वाटाघाटीतून घडतं. 1966 च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्याखाली विकास आराखडा होतो, नकाशावर कुणाच्या तरी शेतावर 'उद्यान', 'शाळा', 'भाजी मंडई' असं आरक्षण पडतं. दहा वर्षांत जागा घेतली नाही, तर कलम 127 खाली मालक नोटीस देतो आणि पुढे आरक्षण उठू शकतं. शहराचा अर्धा आकार अशा न झालेल्या बागांनी ठरतो. शेजारच्या सिन्नर तालुक्यात समृद्धी महामार्गाच्या वेळी काय झालं ते इथल्या माणसाला सांगायला नको. सरकारची योजना होती जमीन एकत्र करून विकसित भूखंड परत द्यायची. शिवडे गावाने मोजणी होऊ दिली नाही, आंदोलन पेटलं, शेवटी सरकारला थेट खरेदीवर यावं लागलं. उलट पुण्याजवळ हडपसरला मगर मंडळींनी आपली शे-सव्वाशे कुटुंबांची सुमारे चारशे एकर जमीन स्वतःच एकत्र केली आणि तिच्यावर मगरपट्टा उभा केला. दोन्ही गोष्टी शहर बांधणीच्याच आहेत आणि दोन्हींत जो ताण आहे, जी चढाओढ आहे, ती कुठल्याही खेळात नाही.

निफाड तालुक्यात आखलेली आणि आपोआप वाढलेली अशी दोन्ही तऱ्हेची गावं शेजारी-शेजारी बघायला मिळतात. मिग विमानांसाठी 1964 मध्ये आलेल्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सची ओझरची वसाहत म्हणजे हुबेहूब या खेळातलं शहर: आधी रस्ते, मग सारखी घरं, शाळा, मैदान, सगळं एका हाताने आखलेलं. आणि जवळच जुनं ओझर, गल्लीबोळांचं, मुंबई-आग्रा रस्त्याला टेकून वाढलेलं. खेळात वसाहत तासाभरात जमते. गाव काही केल्या जमत नाही.

काळाचंही तेच. खेळातलं धरण शंभर वर्षांनी तसंच असतं. गोदावरी-कादवेच्या संगमावर नांदूर मधमेश्वरचा बंधारा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला झाला तो कालव्यांसाठी. त्यात गाळ साचत गेला, उथळ पाणी आणि बेटं तयार झाली, पक्षी उतरू लागले. जानेवारी 2020 मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून त्याची नोंद झाली. अभियंत्याच्या हिशेबात गाळ म्हणजे तोटा होता. माणसाने आखलेलं आणि आपोआप घडलेलं यांची अशी सरमिसळ मला पडद्यावर एकदाही भेटली नाही. आणि बाहेरून येणारा फटका? खेळ येऊन दीड महिना झाला नाही तोच, 8 डिसेंबर 2023 ला केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली आणि लासलगावचे लिलाव थांबले. खेळातलं शहर जादा माल नकाशाबाहेर विकत राहतं. त्याच्या वर दिल्ली नाही.

यावर एक सरळ आक्षेप येईल, आणि तो खोटा नाही. दिवसभर तलाठ्याच्या दारात उभं राहून आलेला माणूस रात्री पुन्हा हरकतींचे अर्ज कशाला वाचेल? त्याला सुरेख वळणाचा रस्ता ओढायचा असतो, दिवे लागलेले बघायचे असतात. 2017 च्या 'अर्बन एम्पायर'ने नगरसभेत मतदान घ्यायला लावलं, तो खेळ रटाळ निघाला. पण पोलंडच्या 11 बिट स्टुडिओजचा 'फ्रॉस्टपंक 2' सप्टेंबर 2024 मध्ये आला, त्यात शंभर जणांची सभा आहे, कायदा मंजूर करायला गटांशी सौदे करावे लागतात, दिलेला शब्द मोडला तर रस्त्यावर गर्दी उतरते. पहिल्या भागाचे काही चाहते नाराज झाले, की चुलीजवळची ऊब गेली आणि राजकारण आलं. मला तो गेल्या काही वर्षांतला या प्रकारातला सर्वांत धीट खेळ वाटला. 'मॅनर लॉर्ड्स'मध्येही एक छोटी खूण दिसते: घराचा परडा रस्त्याच्या वळणाप्रमाणे वाकडा होतो आणि त्या परड्यात काय पिकतं यावर कुटुंबाची भरभराट ठरते. मालकी नाही, पण मालकीचा वास आहे.

आपल्याकडे तर या सगळ्याची चर्चा करायला माणसंच थोडी. इथली पोरं मोबाइलवर 'क्लॅश ऑफ क्लॅन्स'चं गाव रचतात आणि शेजाऱ्याचं लुटतात. पीसीवर रात्र-रात्र रस्ते आखणारा विरळा. कंपनीने दुसऱ्या भागासाठी फ्रान्स, जर्मनी, ब्रिटन, जपान, चीन, पूर्व युरोप आणि अमेरिकेच्या दोन बाजू अशा घराघरांचे मोफत संच काढले. भारताचा नाही. पुण्यात 'राजी'सारखा देखणा खेळ नोडिंग हेड्सने 2020 मध्ये करून दाखवला, बंदुकांचे खेळ तर तिथे होतातच. शहर मात्र अजून कुणी बांधलेलं नाही. ज्या राज्यात सिडकोने नवी मुंबई आखली, तिथे हा विषय कुणाला सुचू नये याचं नवल वाटतं.

नोव्हेंबर 2025 मध्ये कोलोसल ऑर्डर आणि प्रकाशक पॅराडॉक्स वेगळे झाल्याची घोषणा झाली. खेळ ताम्पेरेच्याच आइसफ्लेक या कंपनीकडे सोपवायचं ठरलं. खेळाडूंच्या याद्या लगेच सुरू झाल्या: वेग, मॉड, जास्त इमारती. माझी मागणी एकाच खिडकीची आहे. शिवार नकाशावर गटांमध्ये कापलेलं असावं आणि प्रत्येक गटाला नाव असावं. कुठेही पिवळा रंग भरला की तीस दिवस थांबायचं आणि हरकती मागवायच्या. कुणी दर वाढवून मागेल, कुणी मोबदल्यात भूखंड मागेल. कुणी म्हणेल रस्ता न्या, पण विहीर सोडून न्या. मग वळण द्यावं लागेल, त्या वळणावर दोन वर्षांनी टपऱ्या येतील, टपऱ्यांपुढे बस थांबू लागेल आणि आपण न आखलेला चौक तयार होईल. एखादा मात्र कुठल्याच किमतीला देणार नाही. त्याची बाग मधोमध तशीच ठेवून शहर कसं वाढवायचं, हे कोडं सोडवायला मी आरटीएक्स 3080 सुद्धा घेईन, हप्त्यांवर का होईना.