भिंत आणि उतरंड : इझाबेल विल्करसन यांच्या ‘कास्ट’ या ग्रंथाविषयी

‘कास्ट’ हा शब्द मूळचा इंग्रजांचा नव्हे. वंश, कूळ, पैदास अशा अर्थाचा एक पोर्तुगीज शब्द सोळाव्या शतकात आपल्या किनाऱ्यावर उतरला, येथील जातींना चिकटला आणि मग इंग्रजीच्या पाठीवर बसून जगभर गेला. अमेरिकन लेखिका इझाबेल विल्करसन यांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथाला हेच नाव दिले आहे. आपल्या देशाच्या जुन्या दुखण्याला त्यांनी असे नाव शोधले, की ज्याचा उच्चार होताच सर्वांच्या नजरा आपल्याकडे वळाव्यात. तेव्हा या ग्रंथाचे परीक्षण करणे हे एका परीने आपलेच परीक्षण करणे होय, आणि ते टाळून चालणार नाही असे आम्हांस वाटते.

विल्करसन या पत्रकार म्हणून नावाजलेल्या आहेत. १९९४ साली त्यांस पुलित्झर पारितोषिक मिळाले. दक्षिणेकडील राज्यांतून सुमारे साठ लक्ष कृष्णवर्णीय उत्तरेकडे व पश्चिमेकडे निघून गेले, त्या दीर्घ स्थलांतराचा त्यांचा इतिहास २०१० साली आला. प्रस्तुत ग्रंथाचे म्हणणे थोडक्यात असे : अमेरिकेत ज्यास वंशभेद म्हणतात, ते केवळ वरचे कातडे, आतील सांगाडा जातीचा आहे. हा सांगाडा भारतात हजारो वर्षांचा, अमेरिकेत सुमारे चारशे वर्षांचा आणि नाझी जर्मनीत बारा वर्षांचा. तिन्ही ठिकाणी त्यास आधार देणारे आठ खांब लेखिकेने मोजले आहेत. ईश्वरी इच्छेचा आधार, जन्मसिद्धता, बेटीबंदी, सोवळेओवळे, धंद्यांची उतरण, माणुसकी नाकारणे, दहशत, आणि श्रेष्ठकनिष्ठत्व हे स्वभावतःच आहे ही समजूत, असे ते आठ होत.

ही तुलना ओढूनताणून आणलेली आहे, असा आक्षेप आपल्याकडे सहज घेतला जाईल. तो टिकणारा नाही. चार्ल्स समनर यांनी बॉस्टनच्या शाळांतील भेदभावाविरुद्ध १८४९ साली न्यायालयात युक्तिवाद करताना जातीचाच दाखला दिला होता. १८९६ साली प्लेसी खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आगगाडीतील वेगळे डबे कायदेशीर ठरविले, त्या वेळी एकट्या न्यायमूर्ती हार्लन यांनी विरोधी निकालपत्र लिहिले. तेथेही हाच शब्द येतो. आपल्या बाजूने पाहिले तर महात्मा फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकन जनतेला अर्पण केला, आणि १९४६ साली डॉ. आंबेडकरांनी कृष्णवर्णीयांचे थोर विचारवंत डुबॉइस यांस पत्र लिहून त्यांच्या संयुक्त राष्ट्रांकडील अर्जाची चौकशी केली. ज्यांच्या पायांत काटा रुतला होता, त्यांनी दूरच्या पायातील काटा फार पूर्वीच ओळखला होता.

१९५९ साली मार्टिन ल्यूथर किंग भारतात आले असता त्रिवेंद्रमच्या एका शाळेत मुख्याध्यापकांनी त्यांचा परिचय अमेरिकेतील एक अस्पृश्य बंधू असा करून दिला. किंग यांस प्रथम धक्का बसला. मग विचारांती त्यांस ते पटले. हा प्रसंग त्यांनीच पुढे सांगितला, आणि विल्करसन यांनी तो योग्य जागी घेतला आहे.

ग्रंथाचे खरे बळ अशा प्रसंगांत आहे. लेखिका शिकागोतील एका दुकानदाराची मुलाखत घ्यावयास गेल्या असता, समोर उभी असलेली कृष्णवर्णीय स्त्री हीच ‘न्यूयॉर्क टाइम्स’ची प्रतिनिधी, हे त्या गृहस्थाला अखेरपर्यंत पटेना, आपल्याला महत्त्वाच्या भेटीची घाई आहे असे सांगून त्याने त्यांसच वाटेस लावले. हा प्रसंग वाचताना मराठी वाचकास बडोदे आठवल्याखेरीज राहणार नाही. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले डॉ. आंबेडकर १९१७ साली बडोदे सरकारच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा त्या शहरात त्यांस राहण्यास जागा मिळेना. पारशी नाव सांगून ते एका पारशी धर्मशाळेत उतरले. जात कळताच काठ्या घेतलेला जमाव दाराशी आला. विद्या होती, पद होते, महाराजांचा आश्रय होता, निवारा नव्हता. पैसा व शिक्षण आले की भेद आपोआप गळून पडतो, असे समजणाऱ्यांस या दोन प्रसंगांतून पुरेसे उत्तर मिळते. शिवाय बडोद्यास दाराशी आलेले लोक हिंदू नव्हते. गोव्यात ख्रिस्ती झालेल्या आपल्या बांधवांनीही लग्ने जुळविताना बामण, चारडो, सुदीर हे भेद शतकानुशतके सांभाळले. धर्मग्रंथ बदलला तरी सांगाडा टिकतो, हे विल्करसन यांचे प्रमेय आमच्याच अंगणात सिद्ध झालेले आहे.

येथवर आम्ही लेखिकेबरोबर आहोत. यापुढे मात्र वाट वेगळी होते.

विल्करसन यांच्या डोळ्यांसमोरची जात ही भिंतीसारखी आहे : एका बाजूस गोरे, दुसऱ्या बाजूस काळे, आणि मधल्यांची दोहोंकडे ओढाताण. अमेरिकेपुरते हे चित्र बव्हंशी खरे आहे. आपली जात मात्र उतरंडीसारखी आहे; मडक्यावर मडके, आणि प्रत्येकाच्या खाली कोणीतरी. डॉ. आंबेडकरांनी या रचनेची मीमांसा श्रेणीबद्ध विषमता म्हणून केली. तिचा विशेष हा, की अगदी तळचा सोडला तर प्रत्येकाला तक्रारीस जागा असते आणि त्याच वेळी राखावयास काही मानही असतो. वरच्याविरुद्ध ओरडणारा खालच्याला दार लावतो. लेखिका भारतातील अनेक स्तरांचा उल्लेख करतात. पण आठ खांबांचा हिशेब मांडताना ते स्तर पुन्हा दोनांत मिटून जातात, आणि भारत हा अमेरिकेला तोंड पाहण्यासाठी धरलेला आरसा होऊन बसतो.

हा भेद केवळ वर्णनाचा नाही. कायद्याच्या दृष्टीने तो मुळाशी जातो. अमेरिकेतील भिंत विधिमंडळांनी कायदे करून बांधली होती. कोणी कोठे बसावे, कोणी कोणाशी लग्न करावे, हे कलमांत लिहिलेले होते. म्हणूनच १९५४ साली शाळांतील विभागणी आणि १९६७ साली आंतरवंशीय विवाहांवरील बंदी न्यायालयाला एकेका निकालाने रद्द करता आली. (बंदीचे निर्जीव कलम अलाबामाच्या घटनेतून २००० साली मतदानाने काढावयाचे ठरले, तेव्हाही दहांतील चार मतदारांनी विरोध केला, ही गोष्ट वेगळी.) आपल्याकडील उतरंड रूढीने रचली, आणि इंग्रजी न्यायालयांनी त्या रूढीला मालमत्तेसारखा हक्क मानून तिचे रक्षण केले.

मुंबई उच्च न्यायालयासमोर १८८३ साली फडके विरुद्ध शंकर दाजी हा खटला आला. त्यातील वाद ब्राह्मण आणि अस्पृश्य यांच्यातील नव्हता. पळशे ब्राह्मणांनी देवळाच्या गाभाऱ्यात जाऊन पूजा करू नये, यासाठी चित्पावन न्यायालयात गेले होते. आणि असा अनन्य हक्क न्यायालयांनी राखलाच पाहिजे, असा निर्णय झाला. भिंतीच्या कल्पनेत हा खटला बसत नाही. उतरंडीच्या कल्पनेत तो अगदी चपखल बसतो. महाडच्या चवदार तळ्याची गोष्ट त्याहून बोधप्रद आहे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथले पाणी घेतले. सवर्णांनी दावा लावला. तो चालता चालता १९३७ साल उजाडले, तेव्हा उच्च न्यायालयात अस्पृश्य जिंकले. पण का जिंकले? तहानलेल्या माणसाला सार्वजनिक तळ्यापासून दूर ठेवणे अन्यायाचे आहे म्हणून नव्हे. अस्पृश्यांना वगळण्याची रूढी अनादि काळापासून चालत आल्याचे वादींना सिद्ध करता आले नाही, एवढ्यासाठीच. पुरावा थोडा अधिक जुना असता, तर न्याय निराळा झाला असता.

१९५० साली राज्यघटनेच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली, आणि रूढीचा हा आधार काढून घेतला. त्यानंतर काय उरले, हे पाहावयाचे तर आमच्या वाचकांच्या अगदी जवळचा एक निकाल आहे. दक्षिण कर्नाटकातील मुल्की येथील वेंकटरमण देवस्थान हे कोकणीभाषक गौड सारस्वतांचे. मद्रासच्या १९४७ च्या मंदिरप्रवेश कायद्याविरुद्ध तेथील विश्वस्त सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९५७ च्या निकालात न्यायालयाने देवस्थान सांप्रदायिक असल्याचे मान्य केले. तरीही सर्व हिंदूंना प्रवेश देणारा कायदा संप्रदायाच्या हक्काहून वरचढ ठरविला. मात्र काही विशिष्ट विधींच्या वेळी केवळ ज्ञातीतील लोकांनीच सहभागी व्हावे, हा हक्क राखून ठेवला. अट इतकीच, की बाकीच्यांच्या वाट्यास उरेल ते दर्शन नाममात्र असू नये. निकाल विचारपूर्वक दिलेला आहे, त्यात शंका नाही. पण त्याचा अर्थ काय झाला? दार उघडले, घर कोणाचे, हा प्रश्न तसाच राहिला. गोव्यात १९३३ च्या पोर्तुगीज विनियमाने देवस्थानांच्या महाजनांची व्यवस्था कायद्यात बसविली, आणि १९६१ नंतरही ती चालू राहिली. तेथेही दर्शनाला कोणी अडवीत नाही. प्रश्न येतो तो महाजन कोण, पालखीला खांदा कोणाचा, हिशेबाच्या वहीवर सही कोणाची, असा.

विल्करसन यांचा सर्वांत सुंदर दृष्टांत येथे उपयोगी पडतो. त्या म्हणतात, देश म्हणजे वारशाने आलेले जुने घर. आज राहणाऱ्यांनी ते बांधलेले नाही, पण भेगा आणि गळती यांची जबाबदारी आता त्यांचीच. ‘आम्ही कोठे कोणाला शिवाशीव केली?’ असे आपल्यातील जी सज्जन माणसे प्रामाणिकपणे विचारतात, त्यांनी हा दृष्टांत मनाशी धरावा. देवस्थानाची जमीन, दागिने आणि मान वारशाने घ्यावयाचे, आणि कोणाला वगळून ते जमले ती गोष्ट तेवढी पूर्वजांच्या खाती टाकावयाची, हा व्यवहार कोणत्याही वारसा-कायद्यात बसत नाही. इस्टेट घेणारा कर्जही घेतो.

तथापि या दृष्टांतापुढे लेखिका जे औषध सांगतात, ते आम्हांस अपुरे वाटते. ग्रंथाच्या शेवटी एक ब्राह्मण आपले जानवे उतरवितो; घरी आलेला एक तुटक नळदुरुस्तीवाला लेखिकेच्या दिवंगत आईची आठवण निघताच मऊ होतो; आणि परक्याचे दुःख आपले मानणाऱ्या सहानुभूतीची हाक देऊन ग्रंथ संपतो. मन बदलावे हे कोणाला नको आहे? पण ज्याचे मन बदलले नाही त्याच्या शेजारीही माणसाला सुरक्षित राहता आले पाहिजे. कायदा असतो तो त्यासाठी. आणि कायद्याच्याही खाली जमीन असते. ऑलिव्हर कॉक्स या कृष्णवर्णीय समाजशास्त्रज्ञाने १९४८ सालीच बजावले होते, की अमेरिकेतील भेदाचे मूळ मजुरांच्या पिळवणुकीत शोधावे, जातीच्या उपमेत नव्हे. त्याचा निष्कर्ष एकांगी असेल, पण प्रश्न खरा आहे. जानेवारी १८६५ मध्ये सेनापती शर्मन यांनी मुक्त गुलामांच्या कुटुंबांना चाळीस एकरांपर्यंत जमीन देण्याचा हुकूम काढला; त्याच वर्षी अध्यक्ष जॉन्सन यांनी ती जमीन जुन्या मालकांना परत देवविली. बेड्या तुटल्या, शेत मालकाचेच राहिले. डॉ. आंबेडकरांनी महाडनंतर दहा वर्षांनी, १९३७ साली, मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक आणले, ते याच जाणिवेने. पाण्याचा हक्क आणि जमिनीचा हक्क त्यांनी वेगळे मानले नाहीत. विल्करसन यांच्या ग्रंथात अपमानाची नोंद बारकाईने होते. कुळाचा आणि मजुरीचा हिशेब मात्र त्या मानाने उणा पडतो.

जर्मनीची तुलनाही आम्हांस अर्धीच पटते. नाझी कायदेपंडितांनी १९३४ साली अमेरिकेच्या वंशविषयक कायद्यांचा अभ्यास केला, ही माहिती लेखिका देतात व ती प्रत्येक वकिलाने वाचण्याजोगी आहे. पण जातीला खालचा माणूस हवा असतो; त्याच्यावाचून वरच्याचे शेत पिकत नाही आणि अंगण झाडले जात नाही. नाझींना यहुदी माणूस मुळी नकोच होता. राबवून घेण्याची व्यवस्था आणि नाहीसे करण्याची व्यवस्था एकाच नावाखाली आणली, तर दोहोंचेही स्वरूप पुसट होते.

इतके दोष दाखवूनही हा ग्रंथ आमच्या वाचकांनी वाचावा, असेच आम्ही म्हणू. तो आपल्यावर आरोप करण्यासाठी लिहिलेला नाही. आपल्या देशावर रागावलेल्या, आणि त्या देशाला सोडून न जाणाऱ्या, एका स्त्रीने तो लिहिला आहे. वाचताना एवढेच करावे : जेथे ती भिंत म्हणते, तेथे आपण उतरंड वाचावी, आणि आपल्या वर कोण आहे याची मोजदाद थांबवून खाली कोण आहे ते पाहावे. देवस्थानाच्या पुढील वार्षिक सभेत महाजनांची यादी वाचली जाईल. त्या यादीत कोणाची नावे आहेत हे सर्वांस ठाऊक असते. कोणाची नाहीत, आणि का नाहीत, हा प्रश्न सभेत एखाद्याने उभे राहून विचारला, तर या परदेशी ग्रंथाचे येथे वाचन झाले असे आम्ही समजू.