स्वर मिळाला, मींड राहिली

1957 साली मॅक्स मॅथ्यूज यांनी कॉम्प्युटरकडून 17 सेकंदांचे संगीत वाजवून घेतले. मॅथ्यूज हे बेल लॅब्ज या टेलिफोन प्रयोगशाळेतले इंजिनिअर आणि हौशी व्हायोलिनवादक. आयबीएम 704 हे यंत्र त्यांच्याजवळ नव्हते. आकडेमोड न्यूयॉर्कमधल्या आयबीएमच्या कचेरीत करायची, आकड्यांची चुंबकीय टेप घेऊन न्यू जर्सीला परतायचे आणि तिथे त्या आकड्यांचा आवाज करायचा. संगीत म्हणून तो तुकडा सामान्यच होता, पण त्यामागचा विचार मोठा होता. आवाज म्हणजे हवेच्या दाबातला चढउतार, तो आकड्यांत मांडता येतो. मग स्पीकरमधून जो म्हणून आवाज निघू शकतो, तो कॉम्प्युटरला बनवता आलाच पाहिजे. 1963 साली ‘सायन्स’ नियतकालिकात त्यांनी हा दावा जाहीरपणे मांडला.

आज तो दावा पूर्ण खरा ठरला आहे. खिशातल्या मोबाइलमध्ये पियानो, सतार, बासरी सगळे वाजते. तरीही या कलेचा हिशोब मांडताना मला एक मोठी बाकी दिसते. आवाज तयार करण्याचा प्रश्न सुटला. आवाज हाताने घडवण्याचा, वाकवण्याचा प्रश्न अर्धवट राहिला. आणि आपल्या संगीताचा जीव या दुसऱ्या प्रश्नातच आहे.

ही बाकी कुठून आली ते पाहण्यासाठी 1964 च्या सुमाराला जावे लागते. रॉबर्ट मूग आणि डॉन बुकला हे दोघे अमेरिकेच्या दोन टोकांना आपापले सिंथेसायझर घडवत होते. दोघांचे तत्त्व एकच: व्होल्टेज बदलले की स्वर बदलतो, आणि ते व्होल्टेज दुसऱ्या एखाद्या सर्किटमधून आणता येते. त्या काळचे अ‍ॅनालॉग कॉम्प्युटर असेच चालत. त्यांत संख्येच्या जागी व्होल्टेज असे आणि समीकरण वायरी जोडून मांडले जाई. मूग यांनी आपल्या यंत्राला पियानोच्या पट्ट्या जोडल्या. बुकला यांनी काळ्या-पांढऱ्या पट्ट्या नाकारून स्पर्शाला दाद देणाऱ्या धातूच्या पट्ट्या बसवल्या, कारण नव्या वाद्यावर जुने बारा स्वर लादणे त्यांना मान्य नव्हते. 1968 साली वेंडी कार्लोस यांनी मूगवर वाजवलेली बाखची ध्वनिमुद्रिका तुफान खपली आणि बाजाराने निकाल दिला. माझ्या मते बुकला यांचा विचार अधिक दूरचा होता.

यानंतरची सर्वांत सुंदर गोष्ट स्टॅनफर्डची. जॉन चाउनिंग हे मूळचे तालवादक. मॅथ्यूज यांचा तो लेख वाचून ते कॉम्प्युटरकडे वळले. 1967 साली स्टॅनफर्डच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत ते व्हिब्राटोवर प्रयोग करत होते. व्हिब्राटो म्हणजे स्वर हलता ठेवणे, आपल्या आंदोलनाच्या जवळची गोष्ट. सेकंदाला पाच-सहा हेलकावे असले की कानाला स्वर हलताना कळतो. चाउनिंग यांनी वेग वाढवत नेला, हेलकाव्याची खोलीही वाढवली. वेग सेकंदाला शंभरच्या घरात गेल्यावर हलणे ऐकू येईनासे झाले आणि आवाजाचा पोतच बदलला: कधी घंटा, कधी पितळी वाद्य. एक साधी लहर दुसऱ्या साध्या लहरीला हलवते आणि त्यातून डझनावारी नवे उपस्वर जन्माला येतात. ते उपस्वर एकेक करून बेरजेने बनवायचे तर डझनावारी ऑसिलेटर लागले असते; इथे दोघांत काम भागले. हीच एफएम पद्धत. एवढे थोडे गणित म्हटल्यावर ते चिपवर बसणार हे उघड होते.

अमेरिकेतल्या ऑर्गन कंपन्यांना हे पटले नाही. स्टॅनफर्डने चाउनिंग यांची नोकरीही कायम केली नव्हती. जपानच्या यामाहाच्या इंजिनिअरला मात्र ते चटकन उमगले. कंपनीने हक्क घेतले, पुढे विद्यापीठाने चाउनिंग यांना परत बोलावले आणि 1983 मध्ये डीएक्स7 हा सिंथेसायझर बाजारात आला. या पेटंटने स्टॅनफर्डला 2 कोटी डॉलरहून अधिक मिळवून दिले. 1989 च्या साउंड ब्लास्टर कार्डावरही यामाहाचीच एफएम चिप होती. म्हणजे नव्वदच्या दशकात ज्यांच्या घरी कॉम्प्युटर आला, त्यांनी गेम खेळताना चाउनिंग यांचेच गणित ऐकले. डीएक्स7 ला फुंकरीने आवाज हाताळायची सोय होती, पण ते वाद्य विकले गेले 61 पट्ट्यांचा कीबोर्ड म्हणून. हलत्या स्वरातून लागलेला शोध शेवटी स्थिर स्वरांच्या पट्ट्यांवर येऊन बसला.

डीएक्स7 आला त्याच वर्षी मिडी ही वाद्यांना एकमेकांशी जोडणारी भाषा आली. अमेरिकेतले सिंथेसायझर-निर्माते डेव्ह स्मिथ आणि जपानच्या रोलँड कंपनीचे इकुतारो काकेहाशी यांच्या पुढाकाराने अमेरिकी आणि जपानी कंपन्यांनी ती मान्य केली. जानेवारी 1983 मध्ये दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे कीबोर्ड एका वायरीने जोडून दाखवले गेले. औद्योगिक सहकार्याचे इतके निर्मळ उदाहरण विरळाच. पण या भाषेत स्वर म्हणजे काय? कोणती पट्टी, किती जोरात दाबली आणि कधी सोडली. कीबोर्डवरचा मधला सी (C) म्हणजे 60, त्यापुढची पट्टी 61. या दोन आकड्यांमधली जागा पिच बेंड नावाच्या वेगळ्या संदेशाकडे दिली, आणि तो संदेश एका चॅनलवरचे सगळे स्वर एकदम वाकवतो.

इथे आपल्याला पेटीचा वाद आठवावा. मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकणे) नाही, श्रुती (स्वरांमधल्या सूक्ष्म जागा) नाहीत, म्हणून 1940 साली ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली. ती 1971 मध्ये सैल झाली. मिडीचा दोष तोच आहे, फक्त तो जगभरच्या वाद्यांच्या आत जाऊन बसला. मिडीत आधी पट्टी, मग तिच्यापासून ढळणे. मींडेत प्रवास हाच स्वर.

आपल्या वादकांनी त्यातूनही वाट काढली. गणेशोत्सवातल्या वाद्यवृंदात उजव्या हाताने सनईचा टोन वाजवत डाव्या हाताने पिच बेंडचे चाक फिरवणारा कीबोर्डवादक नीट बघा. त्याचा डावा हात गात असतो. मुंबईच्या चरणजित सिंग यांनी तर मिडीच्या आधीच, 1982 साली, रोलँडची तीन यंत्रे घेऊन दहा राग डिस्को ठेक्यावर वाजवले. टीबी-303 हे त्यातले बेसचे यंत्र. त्यात एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय होती आणि रागाच्या चालीला ती साजली. ध्वनिमुद्रिका तेव्हा फारशी कोणी ऐकली नाही. 2010 मध्ये ती पुन्हा निघाल्यावर पाश्चात्त्यांनी तिला अ‍ॅसिड हाउस या इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताची पूर्वज ठरवले. हे कौतुक मला अपुरे वाटते. तिचे मोल यात आहे की एका अनुभवी वादकाने यंत्राला रागाच्या वाटेने चालायला लावले.

आता यंत्रेही बदलू लागली आहेत. लिपोल्ड हाकेन यांच्या कंटिन्युअमला पट्ट्याच नाहीत, बोट सरकेल तसा स्वर सरकतो, ए. आर. रहमान ते वाजवतात. 2018 पासून एमपीई या पद्धतीत प्रत्येक स्वर स्वतंत्रपणे वाकवता येतो आणि 2020 च्या मिडी 2.0 मध्ये तर ती सोय मूळ भाषेतच आहे. म्हणजे बुकला यांची शंका मान्य व्हायला अर्धशतक लागले. तांत्रिक अडथळा आता जवळपास उरलेला नाही, पण ही वाद्ये महाग आहेत आणि त्यांच्यासाठी रागसंगीताचा विचार करून बनवलेले आवाज फार थोडे आहेत.

ते काम आपल्याच लोकांनी करायला हवे. प्युअर डेटा, सुपरकोलायडर आणि सीसाउंड हे प्रोग्राम मोफत मिळतात, साध्या लॅपटॉपवर चालतात आणि त्यांत पियानोच्या पट्टीची सक्ती नाही. मॅथ्यूज यांच्या कामातून निघालेल्या परंपरेतलीच ही साधने आहेत. गाणे शिकणाऱ्या आणि इंजिनिअरिंग शिकणाऱ्या मुलामुलींनी ती एकत्र बसून उघडावीत, आणि पहिला प्रयोग म्हणून दरबारीतला हलता गंधार बांधून पाहावा.