शेजारी गेला, शब्द उरला

समीक्षेला ग्रंथच हवा, असे नाही. उरणच्या आमच्या धर्मग्रामातील कुटुंबांच्या मोबाइलवर हल्ली जो मजकूर फिरतो, तोही आम्ही समीक्षेस योग्य मानतो. कारण आमची माणसे ग्रंथांपेक्षा तोच अधिक वाचतात. यहुदी लोक जगाचा पैसा, वृत्तपत्रे व युद्धे गुप्तपणे चालवितात, असा त्याचा आशय. त्याला ना लेखक, ना पुरावा.

ह्यात नवे काहीच नाही. ‘प्रोटोकॉल्स’ नावाने १९०३ साली रशियात छापलेल्या बनावट दस्तऐवजाची ही नक्कल होय. लंडनच्या ‘टाइम्स’ने १९२१ सालीच ती बनवाबनवी उघड केली होती.

आम्हाला अधिक खटकते ती भाषा. ह्या किनाऱ्याला यहुदी परके नव्हते. अलिबागजवळ नवगाव येथे जहाज फुटून आपले पूर्वज किनाऱ्याला लागले, असे बेने इस्रायल परंपरेने सांगतात. ते तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी बंद ठेवीत. म्हणून गावाने त्यांना ‘शनवार तेली’ म्हटले. पेणकर, रोहेकर, किहीमकर ही त्यांची आडनावे. त्यांची कीर्तनेही मराठीत. पेण व पनवेलला त्यांची सिनेगॉग आहेत. १९४८ नंतर बहुतेक कुटुंबे इस्रायलला गेली. ‘शनवार तेली’ ह्या शब्दात माणसाचे काम आणि त्याची उपासना होती. फिरत्या मजकुरातल्या ‘यहुदी’ला घरही नाही, आडनावही नाही. शेजारी दिसेनासा झाला की त्याच्याविषयी काहीही लिहिता येते.

दोष केवळ भाविकांचा नाही. गुड फ्रायडेच्या प्रार्थनेतील यहुद्यांना हिणवणारे विशेषण पोप जॉन तेविसावे ह्यांनी १९५९ साली वगळले. प्रभूच्या दुःखसहनाचा दोष त्या काळच्या सर्व यहुद्यांवर किंवा आजच्या यहुद्यांवर लादता येत नाही, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली ‘नॉस्त्रा एताते’त सांगितले. सेमिनरीत आम्ही हे शिकलो. प्रवचनात किती वेळा सांगितले? प्रभू, त्याची माता व बारा प्रेषित यहुदीच होते, हे प्रायश्चित्तकाळातही सांगायचे राहून गेले.

गाझातील मृत्यूंबद्दल इस्रायल सरकारवर अवश्य टीका करावी. पण एका समाजाला जन्मतःच दुष्ट ठरविणे ही टीका नव्हे. मोरा बंदरापलीकडच्या मुंबईत, कुलाब्याच्या नरिमन हाउसमध्ये, २००८ साली रब्बी होल्टझबर्ग आणि त्यांच्या पत्नीची हत्या झाली ती ते यहुदी होते म्हणूनच.

असा मजकूर पुढे पाठविण्यापूर्वी वाचकांनी स्वतःला एवढेच विचारावे: शनवार तेल्याच्या ओटीवर बसून आम्ही हे वाचून दाखविले असते काय?