शब्द, चित्र आणि ग्रंथपालाची निवड : पुरस्कारप्राप्त चित्रकादंबऱ्यांचा विचार

इ. स. २०१५ मध्ये अमेरिकन लायब्ररी असोसिएशनने बालवाङ्मयासाठी जे सन्मान जाहीर केले, त्यांत दोन चित्रकादंबऱ्या होत्या. सीसी बेल यांच्या 'एल डेफो' ह्या पुस्तकास न्यूबेरी सन्मान मिळाला, तर मारिको तामाकी व जिलियन तामाकी यांच्या 'धिस वन समर' ह्या पुस्तकास कॅल्डेकॉट सन्मान. न्यूबेरी पदक १९२२ पासून दिले जाते व ते लेखनासाठी असते. कॅल्डेकॉट पदक १९३८ पासूनचे, ते चित्रांसाठी. म्हणजे एकाच वर्षी, एकाच वाङ्मयप्रकारातील एक पुस्तक शब्दांच्या दाराने आत आले आणि दुसरे चित्रांच्या दाराने. चित्रकादंबरीस प्राप्त झालेल्या प्रतिष्ठेची खूण म्हणून ही घटना सांगितली जाते, आणि ते यथार्थही आहे. परंतु तिच्यातून एक मूलभूत प्रश्न उद्भवतो. ज्या प्रकारात शब्द आणि चित्र ही एकाच उक्तीची दोन अंगे असतात, त्याचे मोल ठरविताना ती अंगे परस्परांपासून वेगळी करता येतील काय?

१

प्रथम संज्ञेचा विचार केला पाहिजे. 'ग्राफिक नॉव्हेल' हा शब्दप्रयोग विल आइस्नर यांच्या १९७८ सालच्या पुस्तकानंतर रूढ झाला. 'चित्रकादंबरी' हा त्याचा मराठी पर्याय सोयीचा असला, तरी त्यातील उत्तरपद फसवे आहे. आर्ट स्पीगेलमन यांचे 'माउस' हे त्यांच्या वडिलांनी नाझी छळछावण्यांत भोगलेल्या यातनांचे कथन आहे. ते कल्पित नव्हे. १९९१ मध्ये त्याचा दुसरा खंड 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या यादीत ललित पुस्तकांत घातला गेला, तेव्हा खुद्द लेखकाने हरकत घेतली व त्याचे स्थान ललितेतर पुस्तकांत बदलण्यात आले. पुढच्याच वर्षी, १९९२ मध्ये, पुलित्झर मंडळाने त्यास पुरस्कार दिला, तो प्रचलित शाखांपैकी कोणत्याही एका शाखेतला नव्हता, विशेष पुरस्कार होता. ग्रंथालयाच्या फडताळावर अडचण निराळ्या रूपाने येते. ड्यूईच्या दशांश वर्गीकरणात ह्या प्रकाराचा क्रमांक ७४१.५, म्हणजे रेखाटनकलेच्या पोटातला. छळछावणीची साक्ष, बहिऱ्या मुलीचे बालपण आणि बाजारू वीरकथा ह्या तिन्ही त्यामुळे एका रांगेत येऊन बसतात.

पुरस्कारांच्या नियमांतही हीच फाळणी दिसते. न्यूबेरी पदकाच्या निकषांनुसार निवडसमितीने निर्णय मुख्यतः संहितेवरून घ्यावयाचा असतो. चित्रे, मांडणी इत्यादी अंगांमुळे पुस्तकाचा परिणाम उणावत असेल, तर त्यांचा विचार करण्यास मुभा आहे. अर्थात चित्र हे उणिवेच्या खात्यावर मांडता येते, गुणाच्या खात्यावर नाही. २०२० मध्ये जेरी क्राफ्ट यांच्या 'न्यू किड'ला हे पदक मिळाले, ते मिळविणारी ती पहिलीच चित्रकादंबरी. समितीचा कौल योग्यच होता. मात्र ज्या निकषाने तो द्यावयाचा, तो निकष त्या पुस्तकास अपुरा होता.

२

हा अपुरेपणा संवादाच्या फुग्याकडे पाहिल्यास स्पष्ट होतो. पात्राच्या मुखाशी शेपटीने जोडलेला हा गोलाकार सामान्यतः अवतरणचिन्हाचा एक प्रकार समजला जातो. वस्तुतः उत्तम चित्रकादंबरीत तो याहून पुष्कळ अधिक काम करतो. बोलण्याचा स्वर, भाषेचा भेद आणि वक्त्याची श्रोत्याविषयीची वृत्ती ह्या तिन्ही गोष्टी त्याच्याकडून व्यक्त होऊ शकतात.

बेल यांनी आजारपणात वयाच्या चौथ्या वर्षी श्रवणशक्ती गमावली. त्या बालपणाची कथा 'एल डेफो'त आहे. नायिकेच्या श्रवणयंत्रातील विद्युत्घट संपत येतो तशी फुग्यांतील अक्षरे फिकट होत जातात, आणि जे तिला मुळीच ऐकू येत नाही तेथे फुगा रिकामा राहतो. कधी शब्दांऐवजी अर्थहीन ध्वनींची जुळणी फुग्यात येते. ह्या पुस्तकाची संहिता वेगळी उतरवून काढली, तर ह्या जागी केवळ गाळलेल्या व बिघडलेल्या ओळी उरतील, आणि वाचकास ते मुद्रणदोष वाटतील. रिकाम्या फुग्यास येथे अर्थ आहे. कोणीतरी बोलत आहे, एवढे नायिकेला दिसते. काय बोलत आहे, ते पोचत नाही. ऐकू येणाऱ्या वाचकास हा अनुभव नुसत्या वर्णनाने इतक्या थेटपणे देता आला नसता.

जीन लुएन यांग यांच्या 'अमेरिकन बॉर्न चायनीज' ह्या २००६ सालच्या कृतीस पुढील वर्षी प्रिंट्झ पुरस्कार मिळाला. तीत चिन-की नावाचे एक पात्र आहे. चिनी माणसाविषयी अमेरिकेत जे जे कुत्सित समज प्रचलित होते, त्या सर्वांचा तो पुतळा आहे. त्याचे इंग्रजी उच्चारही हेतुतः विकृत लिहिले आहेत. मात्र त्याच्या प्रसंगांत चौकटींच्या खालच्या कडेने हशा आणि टाळ्यांची अक्षरे छापलेली आहेत, दूरचित्रवाणीवरील विनोदी मालिकांत ध्वनिमुद्रित हशा जोडावा तशी. तो हशा कोणाही पात्राच्या मुखातून निघत नाही. त्यास शेपटीच नाही. हसणारा कोण, हे अखेर वाचकानेच स्वतःस विचारावयाचे. नुसते संवाद वाचणाऱ्यास येथे वंशद्वेष दिसेल. पान वाचणाऱ्यास वंशद्वेषावरील आरोपपत्र.

'माउस'मध्ये दोन प्रकारची इंग्रजी आहे. वर्तमानकाळात, न्यूयॉर्कमध्ये, वृद्ध वडील मुलाशी जी इंग्रजी बोलतात तिचा पदक्रम मोडका आहे. परभाषेत आयुष्याचा उत्तरार्ध घालविलेल्या स्थलांतरिताची ती बोली आहे. गतकालीन पोलंडच्या चौकटींत मात्र तीच व्यक्ती सफाईदार इंग्रजी बोलते, कारण तेथे ती वस्तुतः पोलिश किंवा यिडिश बोलत आहे. स्वभाषेत समर्थ असलेला माणूस स्थलांतराने कसा अडखळतो, हे लेखकाने एका वाक्यानेही सांगितलेले नाही. चौकटीतील वेश व स्थळ पाहून भाषा कोणती ते वाचक ओळखतो, आणि उरलेला अर्थ त्यास आपोआप कळतो.

३

शब्द व चित्र यांची ही फारकत पुरस्कारापुरती राहिली असती, तर तिला तात्त्विक वाद म्हणता आले असते. परंतु पुस्तके काढून टाकणारेही हीच पद्धत अवलंबितात. जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेतील टेनेसी राज्याच्या मॅकमिन परगण्यातील शाळामंडळाने 'माउस' आठवीच्या अभ्यासक्रमातून एकमताने, दहा विरुद्ध शून्य मतांनी, काढले. आक्षेप होते ते काही अपशब्दांवर आणि एका विवस्त्र स्त्रीच्या चित्रावर. म्हणजे शब्द वेगळे वेचले आणि चित्र वेगळे वेचले.

ते चित्र कोठे आहे, हे पाहण्याजोगे आहे. 'माउस'मध्ये ज्यू उंदरांच्या व जर्मन मांजरांच्या रूपात येतात. मध्येच मात्र लेखकाची त्यापूर्वीची एक छोटी चित्रकथा जशीच्या तशी घातली आहे. तिचा विषय त्याच्या आईने १९६८ मध्ये केलेली आत्महत्या हा आहे. तेथे पात्रे मनुष्यरूपात आहेत आणि रेखाटन काळेकुट्ट, ओरखडल्यासारखे आहे. स्नानाच्या टबातील मृत आईचे लहानसे चित्र ह्या भागात येते. उंदराचा मुखवटा गळून पडण्याची ती जागा आहे. भाषेत जसा निवेदनाचा पाठ अकस्मात बदलून आक्रोश व्हावा, तसा येथे चित्राचा पाठ बदलतो. ती चौकट एकटी काढून दाखविणे म्हणजे वाक्यातून एक पद उचलून त्यावर खटला भरणे होय.

४

भारतीय ग्रंथालयांच्या शिफारस-यादीत ज्या कृतीस आदराचे स्थान द्यावे लागेल, ती 'भीमायन' (नवयान, २०११). दुर्गाबाई व्याम व सुभाष व्याम ह्या परधान गोंड चित्रकारांची चित्रे आणि श्रीविद्या नटराजन व एस. आनंद यांची संहिता असलेले हे पुस्तक डॉ. आंबेडकरांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' ह्या इंग्रजी आत्मकथनावर आधारलेले आहे. चित्रकारांनी पानावर चौकोन आखले नाहीत. भिंतींवर काढल्या जाणाऱ्या दिग्ना नक्षीने ते विभागले. फुगेही तीन जातींचे केले. सौम्य वाणीचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा, मनातल्या विचाराच्या फुग्यास डोळा, आणि जातीच्या विषाने भरलेल्या बोलण्याच्या फुग्यास विंचवाची नांगी.

मराठी वाचकास ह्या नांगीचे मोल विशेष जाणवावे. १९०१ मध्ये वडिलांकडे जाण्यास निघालेली मुले मसूरच्या स्थानकावर उतरतात. ती महार आहेत हे कळताच स्टेशनमास्तरांची मुद्रा पालटते. पुढे टोलनाक्यावर तोच लहान मुलगा स्वतःस मुसलमान म्हणवून उर्दूत बोलतो. मराठीत असा पालट 'तुम्ही'चा 'तू' होण्याने किंवा 'अरे'-'काय रे'ने क्षणात ऐकू येतो. इंग्रजीत एकाच सर्वनामावर भागवावे लागत असल्याने तो लुप्त होतो. मूळ प्रसंगांची भाषा इंग्रजीत येताना जो तुच्छतेचा प्रत्यय गळला, तो 'भीमायन'मध्ये चित्राने परत केला आहे. फुग्याची शेपटी येथे सर्वनामाचे काम करते. हे पुस्तक मराठीत आणणाऱ्यास मग एक नाजूक निर्णय घ्यावा लागेल : नांगी असताना 'तू'ही योजावा, की एकाच गोष्टीची द्विरुक्ती टाळावी?

पुरस्कार व शिफारस-याद्या ग्रंथपालास उपयुक्त आहेत, यात संशय नाही. अमेरिकेत २००७ पासून कुमारवयीनांसाठी चित्रकादंबऱ्यांची स्वतंत्र वार्षिक यादी निघते. तिच्यामुळे अनेक ग्रंथालयांत ह्या प्रकारास प्रवेश मिळाला. परंतु शिफारशीच्या टिपणात पुस्तक कशाविषयी आहे एवढेच लिहिलेले असले, की ते टिपण संकटाच्या वेळी पांगळे ठरते. युद्ध, वर्णद्वेष, अपंगत्व हे विषय थोर आहेत. पण विषयाच्या थोरवीने पुस्तक निवडले, तर विषयाच्या धास्तीने ते काढताही येते. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या सूत्रांनुसार प्रत्येक वाचकास त्याचा ग्रंथ मिळावा, तसाच प्रत्येक ग्रंथास त्याचा वाचकही मिळावा. चित्रकादंबरीच्या बाबतीत ह्या दुसऱ्या अर्ध्यासाठी ग्रंथपालास एक जादा काम करावे लागेल. आक्षेपकाने बोट ठेवलेल्या चौकटीच्या अलीकडची आणि पलीकडची चौकट त्याला वाचून दाखविता आली पाहिजे.